दुसरी वेलांटी

एप्रिलातली सकाळ. उन्हाळ्यामुळे शाळा लवकरची, म्हणून पावणेसातला खाली उतरलो, तर गाडीच्या बॉनेटवर कुणीतरी बोटानं लिहून ठेवलेलं : ‘धु की बे’. गाडी नऊ दिवस धुतली नव्हती, हे कबूल. त्यात दोन दिवस वारं सुटलेलं, आणि आमच्या जुळे सोलापुरातल्या मोकळ्या प्लॉटांवरची माती वाऱ्याची वाटच बघत असते. गडद निळ्या गाडीवर तिचा राखी थर चढला की गाडीची पाटी होते. अक्षरं टपोरी होती, वर नीट शिरोरेघ ओढलेली. मी मराठीचा मास्तर, त्यामुळे आधी डोळ्यांत खुपला तो उकार. एकाक्षरी शब्द, ‘धू’ला दुसरा उकार पाहिजे, पोरानं पहिला दिलेला. ‘की’ची वेलांटी मात्र बरोबर, दुसरी, चांगला लांब पाय सोडलेली. राग त्यानंतर आला, आणि तो त्या ‘बे’चा आला. सोलापुरात ‘बे’ म्हणजे काही शिवी नाही. पुण्याची माणसं ऐकून दचकतात, पण इथं दोस्ताशी बोलताना दर वाक्यामागं तो शेपटीसारखा येतोच. फक्त तो बरोबरीच्याला म्हणायचा, नाहीतर धाकट्याला. पन्नाशी उलटलेल्या मास्तराला नव्हे.

लिहिणारा शोधावा लागला नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांचा धाकटा, नऊ-दहा वर्षांचा, टपरीच्या खांबाला टेकून माझ्याकडेच बघत होता. उजव्या हाताचं पहिलं बोट अजून मातकट. मी ओरडलो. वर्गात ओरडतो त्यापेक्षा मोठ्यानं, कारण वर्गात शेजारीपाजारी नसतात. “घरी हेच शिकवतात का?” असंही म्हणालो. ते म्हणायला नको होतं, कारण ते ऐकायला घरचे दहा पावलांवर उभे होते. इस्त्रीवाले हातातलं पाणी शिंपडायचं ओलसर फडकं तसंच घेऊन धावत आले, “राहू द्या सर, पोरगं हाय,” म्हणत बॉनेट खसाखसा पुसलं आणि परत जाताना पोराच्या पाठीत एक लगावली. धपाटा तसा मोठा नव्हता. पोरगं रडलंही नाही. माझ्या हातून थांबवणं झालं असतं, तेवढा वेळ होता. पण शाळेला उशीर होत होता.

रविवारी नळाला पाणी आलं तेव्हा गाडी नीट धुतली. पुसून बाजूला झालो, आणि कोवळं ऊन तिरपं पडल्यावर बॉनेटवर तीच अक्षरं पुन्हा उमटली. धूळ गेली होती, अक्षरं रंगात राहिली होती. केसासारख्या बारीक पांढुरक्या रेघा. दोन पावलं डावीकडं सरकलं की नाहीशा, परत उजवीकडं आलं की हजर. दुपारी बाराच्या उन्हात काहीच नाही. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, या दोन वेळा मात्र माझी गाडी येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत उभी.

मग सुरू झाले घरगुती उपाय. शेजारच्या काकूंनी खोबरेल तेल सुचवलं. तेल लावल्याबरोबर अक्षरं अशी गुडुप झाली की मी बायकोला खाली बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तेलावर धूळ बसली, ती आधीपेक्षा दुप्पट, आणि तीही नेमकी अक्षरांच्याच आकारात. मेहुण्यानं टूथपेस्ट सांगितली. ती थोडी चालते, कारण पेस्टमध्ये दात घासायची बारीक पूड असतेच, पण चार बोटांच्या जागेला अर्धा तास घासून माझा खांदा भरून आला आणि त्या जागेला बाकीच्या बॉनेटपेक्षा वेगळीच झाक आली. एक मात्र या उद्योगात कळलं. ओल्या फडक्यानं पुसलं की ओरखडा दिसेनासा होतो आणि पाणी वाळलं की परत येतो, म्हणजे तो वरवरचा आहे. पाणी त्या खाचेत भरतं, उजेड सरळ आत जातो. वाळल्यावर खाचेच्या कडांवरून तो इकडंतिकडं फुटतो, तीच ती पांढरी रेघ. दुसरी परीक्षा नखाची. नख आडवं फिरवायचं. अडलं नाही तर पॉलिशनं निघेल, अडलं तर प्रकरण रंगाच्या डब्यापर्यंत जाणार. माझं नख कुठंच अडलं नाही. फक्त ‘की’च्या वेलांटीवर किंचित, म्हणजे अडलं म्हणावं की नाही असं, थबकलं.

खरं तर ही गाडी काही कोरी करकरीत नाही. सहा वर्षांपूर्वी घेतली तीच जुनी म्हणून. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाच्या आसपास कुठं लावायची वेळ आली की दरवर्षी एखादा चरा पदरात पडतोच, आणि त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढलेला नाही. मागच्या दाराला सायकलच्या हँडलनं ओढलेली वीतभर रेघ आहे, ती तर मला आता दिसतही नाही. मग या तीन अक्षरांचंच एवढं काय?

आमच्या घरात वस्तू पुसायचं वेड बाबांचं. ते साखर पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात माल तपासायला होते. मागावरून उतरलेली चादर त्यांच्यापुढं यायची, ते ती दोन्ही हातांनी उंच करून खिडकीच्या उजेडाला धरायचे. मागांची खटखट इतकी की बोलायचं ते खुणांनी. मी डबा घेऊन जायचो तेव्हा दारातच थांबायचो, कारण आत गेलं की कापसाची लव नाकात जायची. कुठं बाण्याचा धागा सुटलेला, कुठं गाठ वर आलेली, ते उजेडात लगेच दिसायचं. सुई घेऊन ते धागा आत ओढून घ्यायचे, कधी नवा घालायचे, आणि मग तळहात उलटा करून त्या जागेवरून फिरवायचे. डोळ्यापेक्षा हाताच्या पाठीला जास्त कळतं म्हणायचे. घरी त्यांची स्कूटर होती, फिकट हिरवी. खंडेनवमीच्या आदल्या रात्री तिला पॉलिश व्हायचं. पिवळट, रॉकेलच्या वासाचं काहीतरी डबीत असायचं, आणि फडकं म्हणून कारखान्यातून आणलेला टॉवेलचा तुकडा. घासून झालं की तो पांढरा तुकडा हिरवा झालेला असायचा. मला वाटायचं, स्कूटर अशी दर दसऱ्याला थोडी थोडी फडक्यावर येते आहे, एक दिवस सगळी येईल. ते अगदीच खोटं नव्हतं, हे कळायला मला चाळीस वर्षं आणि एक पेंटर लागला.

बाबांचं ते वेड माझ्याकडं आलं, पण पाण्याशिवाय आलं. सोलापुरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. नळ चार-पाच दिवसांनी येतो, कधी त्याहून उशिरा, आणि आला की आधी टाकी, मग पिंप, मग घागरी, मग बाथरूममधल्या तीनही बादल्या. उजनी धरण किती टक्के भरलं ही आमच्याकडं हवापाण्याची नव्हे तर घरातली बातमी असते. या सगळ्यात गाडीसाठी दोन बादल्या मागायच्या म्हणजे आधी बायकोचा चेहरा वाचावा लागतो. त्यामुळं माझा रोजचा नेम कोरडा. सकाळी खाली उतरायचं, डिकीतला जुना टॉवेल काढायचा, आणि गाडी गोल गोल हात फिरवून झाडून-पुसून घ्यायची. टॉवेल अर्थात सोलापुरीच. भौगोलिक मानांकन मिळालेला! नवा असतो तेव्हा त्याचे फासे लुसलुशीत असतात. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात पाच वर्षं धुतल्यावर तो पापडासारखा होतो, अंगाला नकोसा झाला की गाडीला. सहा वर्षं, आठवड्याचे सहा दिवस. पाणी वाचवतो, गाडीही चकाचक ठेवतो, असा एक छुपा अभिमान मला होता. सोसायटीतल्या दोघा-तिघांना मी तसा सल्लाही दिलेला आहे. त्यांनी हा लेख वाचू नये.

अक्कलकोट रोडला डेंटिंग-पेंटिंगची दुकानं आहेत, त्यातल्या एका पेंटरकडं गेलो. वय माझ्याएवढंच, बोलण्याला तेलुगूचा हेल, हाताच्या रेघांमध्ये तीन-चार रंग कायमचे मुरलेले. मी बॉनेट दाखवलं. ऊन डोक्यावर आलेलं, त्यामुळं अक्षरं दिसेनात. मलाच हातवारे करून सांगावं लागलं, इथं धु, इथं की. ते गाडी शेडमध्ये आत घ्या म्हणाले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि पत्र्याच्या अगदी जवळ तिरपा धरला. ‘धु की बे’ वाचून मनापासून हसले. मग टॉर्च जरा वर उचलला.

“मास्तर, हे तीन अक्षरं पोरानं लिवले. बरं. हे कुणी लिवलं?”

दिव्याच्या ठिपक्याभोवती कोळ्याचं जाळं पसरलेलं होतं. वर्तुळात वर्तुळं, हजारो, बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टॉर्च सरकला की जाळंही सोबत सरकत होतं. त्यांनी सांगितलं, चरे सगळ्या दिशांना आहेत, पण उजेडाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून दिवा जिथं तिथं गोल दिसतं. “रोज कोरडं फडकं मारता ना?” मी काही बोललो नाही. “धुळीत गारेची कच असती, मास्तर. काचेला चरा पाडणारी. तुम्ही रोज गाडीला पॉलिश पेपर मारायलाव.” एवढं बोलून ते चहा सांगायला गेले आणि मी टॉर्चशिवायच ते बॉनेट बघत उभा राहिलो. पोरानं एकदा, एका बोटानं, तीन अक्षरं काढली होती. माझं हस्ताक्षर मात्र छतापर्यंत गेलेलं होतं. ती उकाराची चूक, ते ओरडणं, आणि बापानं घाईघाईत मारलेलं ते फडकं, जे मी रोज मारतो त्याहून निराळं नव्हतं, सगळं एकदम त्या शेडच्या उकाड्यात अंगावर आलं.

काम करताना बघायला त्यांनी मला बसू दिलं. आधी पाण्याचा फवारा, मग साबणाचा फेस, मग परत पाणी. हात लावायच्या आधी कच जाऊ द्यायची. पत्रा तापलेला असेल तर घासायची पेस्ट, म्हणजे कंपाऊंड, लगेच वाळून बसतं, म्हणून ते गाडी गार होईस्तोवर थांबले. ४२ अंशांच्या दुपारी ते थांबणं म्हणजे दोन चहा. मग बॉनेटच्या कडांना आणि मधल्या उठावाच्या रेघेला कागदी टेप लावली. कडेला क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पातळ बसलेला असतो, मशीन फिरलं की तिथंच आधी उघडं पडतं. मग त्यांनी रंगाचं गणित सांगितलं. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, आणि त्यातला क्लिअर ४०-५०. वर्तमानपत्राच्या कागदाची जाडी या क्लिअरहून जास्त. माणसाचा केसही बहुधा जाडच भरतो. आपण जी गाडीची चमक म्हणतो ती एवढ्यात. आणि सगळा खेळ तिथंच चालतो.

मला इतकी वर्षं वाटत होतं की पॉलिश म्हणजे काहीतरी भरतात. चरा पडला, त्यात काहीतरी जाऊन बसतं, चरा बुजतो. बाबा धागा घालायचे तसं. मेणाचं पॉलिश असं थोडं बुजवतंही, पण चार धुण्यांत चरे परत. खरं रबिंग उलटं असतं. खाच तिथंच राहते, तिच्या आजूबाजूचं सगळं घासून खाचेच्या तळापर्यंत खाली आणायचं. सगळंच खाली आलं की खाच उरत नाही. एका हाताला दोन-तीन मायक्रॉन जातात, ते परत येत नाहीत. “म्हणून दर दिवाळीला नाही करायचं,” ते म्हणाले. “गाडीच्या जन्मात मोजून करायचं.” बाबांच्या स्कूटरला क्लिअर नव्हताच, वरचा थर थेट रंगाचा, म्हणून फडकं हिरवं व्हायचं. पेंटरही मधूनमधून पांढरं फडकं फिरवून उजेडाला धरत होते. हात तसेच, दोन्ही टोकं चिमटीत, कोपरं वर. “पांढरं हाय तवर क्लिअर. निळं दिसलं की मशीन बंद.”

मशीनला स्पंज लावला, कंपाऊंडचे चार ठिपके दिले, आणि मशीन सुरू न करताच ते बॉनेटवर पसरवून घेतले, म्हणजे उडत नाही. मग हळू वेगानं, दाब न देता, आडवं-उभं, आडवं-उभं, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवत. दुधट साय पसरत जायची आणि हळूहळू पारदर्शक व्हायची. वास गोडसर, थोडा रॉकेलकडं झुकणारा. पहिलं पुसणं झालं तेव्हा ‘बे’ गेला. मला खरंच हायसं वाटलं, हे लपवत नाही. दुसऱ्या खेपेला ‘धु’ गेला, चुकीच्या उकारासकट. जाळं विरत गेलं, आणि त्या खाली जो निळा होता तो मी सहा वर्षांत पाहिलेला नव्हता. विहिरीत वाकून बघावं तसा. शेडचे पत्रे, लोंबकळणारी वायर, माझं टक्कल, सगळं त्यात स्वच्छ.

वेलांटी राहिली. अर्धीच, वरचा बाक गेला, खाली सोडलेला पाय राहिला, बोटाच्या पेराएवढा. तिथं बहुतेक नखाखाली एखादा जाडसर खडा आला असणार. पेंटरनी २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवलेला बाजूला काढून ठेवला होता. तो हातात घेतला, नख फिरवलं, परत एकदा फिरवलं, आणि पेपर परत पाण्यात टाकला. “हे राहू द्या, मास्तर. ह्याच्या मागं लागलो तर क्लिअर संपंल. मग पूर्ण बॉनेट मारावं लागतंय, आणि निळा जुळायचा नाही. आता कडा मऊ केल्यात, कुणाला दिसणार न्हाई.” मला दिसणार होती, पण ते म्हणत होते ते बरोबर होतं. आठशे रुपये दिले. वर त्यांनी मायक्रोफायबरचं एक फडकं फुकट दिलं, आणि माझा सोलापुरी टॉवेल डिकीतून काढून स्वतःकडं ठेवून घेतला. हात पुसायला, म्हणाले. जप्तच केला म्हणायचं.

इस्त्रीवाल्यांकडं माझे कपडे पूर्वीसारखेच जात-येत होते. ते पूर्वीसारखेच “नमस्ते सर” म्हणायचे. फरक पोरात पडला होता. आधी ते कपड्यांचा गठ्ठा घेऊन गाडीला अगदी खेटून जिन्याकडं यायचं, आता पार्किंगच्या भिंतीच्या कडेनं लांबचा वळसा घालून यायचं. गाडीकडं बघायचंसुद्धा नाही. मी दोनदा काहीतरी बोलायचं ठरवलं. एकदा खिशात चॉकलेट ठेवून खाली उतरलो आणि आपलं आपल्यालाच इतकं ओशाळवाणं वाटलं की ते शाळेत नेऊन शिपायाच्या मुलीला दिलं. आता काय सांगायचं? की अरे, तू बरोबर लिहिलं होतंस, फक्त उकार तेवढा चुकला?

परवा गुरुवारी नळ आला. टाकी, पिंप, घागरी झाल्यावर मी दोन बादल्या मागून घेतल्या. एक साबणाची, एक साध्या पाण्याची. आता पद्धत अशी की आधी मग्यानं पाणी सोडायचं, धूळ वाहू द्यायची, मग छतापासून खाली यायचं, आणि फडकं दर वेळी दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यायचं. बादलीच्या तळाशी जी काळी कच साठते ती बघितली की पोटात गोळा येतो. ऊन तिरपं झालं होतं. वेलांटीचा पाय चमकत होता. छत झालं, काचा झाल्या, बॉनेटवर नुसतं पाणी सोडून मी दाराकडं वळलो तेवढ्यात भिंतीच्या कडेनं येणारे चपलांचे आवाज थांबले.

“सर, धुवायलाव?”

गठ्ठा छातीशी धरून ते दहा फुटांवर उभं होतं. मी हो म्हणालो. ते आणखी थोडं जवळ आलं. गठ्ठा पायरीवर ठेवला, बॉनेटकडं बघितलं, मान एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं केली. त्याला दिसली की नाही, मला कळलं नाही. मग न विचारता त्यानं खाली पडलेलं फडकं उचललं. ते माझ्या हातून निसटून मातीत पडलं होतं, हे मला ठाऊक होतं, आणि त्याला चिकटलेली कच मला इथून दिसत होती. ते फडकं घेऊन त्याचा हात बॉनेटकडं निघाला. मी बादली पायानं पुढं सरकवली.

“आधी बुडव की बे.”

त्यानं वळून माझ्याकडं बघितलं, आणि बुडवलं.